गोरखचा हौद

मिरजगावच्या आसपासचं कुणी जपानला निघालं, की पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे सगळं झाल्यावर घरातलं एखादं म्हातारं माणूस विचारतंच, "गोरखच्या हौदावर जाऊन आलास का?" गेला नसेल तर त्याची तयारी अपुरी समजतात. म्हाताऱ्यांची सेवा करायच्या कामावर निघालेल्या मुली, कारखान्यात निघालेली मुलं, तिकडच्या बागा बघायला निघालेले डाळिंबवाले, सगळे त्या हौदावर जाऊन आलेले आहेत. मीही गेलो होतो. गोरखनं मला तिथं अंघोळ शिकवली, माझ्या तिकिटावर विमानात बसला आणि मी शोधून काढलेला माणूस माझ्यादेखत आपलासा करून घेतला. तरी गावात विचाराल तर गोरख म्हणजे देवमाणूस आणि मी, बबनशेठ, म्हणजे नुसता खेकसणारा. त्याच्याबद्दल दुसरं कुणी लिहायला बसलं तर गोडगोडच लिहील. म्हणून मीच बसलो. त्याला माझ्याइतकं जवळून कुणी पाहिलेलं नाही.

आम्ही एका गल्लीतले, एका वर्गातले. माझा बाप, नाना, बैलबाजारातला हेडी. बैल विकणारा आणि घेणारा यांच्यात उभं राहून सौदा जुळवायचा हा त्यांचा धंदा. मी हायवेला टोपलीत लिंबं विकण्यापासून सुरुवात केली, मग भंगार, मग जुनी इंजिनं, आणि शेवटी जुने जपानी ट्रॅक्टर. हे ट्रॅक्टर लहान असतात, डाळिंबाच्या नाहीतर द्राक्षाच्या दोन ओळींतून फांदीला न लागता जातात. तिकडे वापरून झालेले बोटीनं मुंबईला येतात, तिथून आमच्यासारखे घेतात, दुरुस्त करून विकतात. या धंद्यात मला कुणी बोट धरून आणलेलं नाही. जे केलं ते भाव करून केलं. माझ्याशी सौदा करून माणूस उठला की त्याच्या कपाळावर घाम असतो, हे लोक मला ऐकू जाईल असं बोलतात. मला त्याचं वाईट वाटत नाही.

गोरख याच्या बरोबर उलट. कुठल्याशा हॉटेलवाल्याबरोबर तो तरुणपणीच जपानला गेला. तिथल्या एका डोंगरातल्या गावात आपल्याकडच्या जेवणाचं हॉटेल होतं, तिथं आधी भांडी, मग भाज्या, मग तंदूर. बरीच वर्षं राहिला. परत आला तेव्हा गल्लीतली माणसं टेम्पोभर सामान उतरेल म्हणून दारात उभी होती. गोरखनं रिक्षातून एक बॅग उतरवली. तिच्यात कपडे, बसायला लाकडाचा एक बुटका पाट, एक प्लॅस्टिकचं लहान टमरेल आणि चार पातळ पंचे. त्याची बायको शांता दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

मग त्यानं विहिरीजवळ हौद बांधायला काढला. लोकांना वाटलं, जनावरांसाठी असेल. हौद छातीएवढा खोल, आत बसायला पायरी, खालून चुलाण. बाहेर एका ओळीत नळ, तेही गुडघ्याच्या उंचीला, आणि प्रत्येक नळासमोर बुटका पाट. शनिवारी संध्याकाळी तो हौद तापवायचा आणि जो येईल त्याला बसवायचा. रीत मात्र त्याची. पाटावर बसून, साबण लावून, डोक्यापासून टाचेपर्यंत अंग धुवायचं. उभ्यानं धुवायचं नाही, शेजारच्यावर शिंतोडे उडतात. फेस पूर्ण गेला की पाटही धुवून ठेवायचा, पुढच्यासाठी. मग हळूच हौदात उतरायचं. साबण आत नाही, टाच घासायची वजरी आत नाही, डुबकी नाही, अंगावर चिंधी नाही. पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा. आणि बोलायचं तर शेजारच्याला ऐकू जाईल एवढंच.

आमच्याकडे विहिरीत आधी उडी मारतात, मग साबण शोधतात. त्यामुळे पहिल्या शनिवारी हौदावर जो गोंधळ व्हायचा तो झालाच. पण गोरख चिडायचा नाही. तो म्हणायचा, "आधी भाईर धू. मळ आपला, पानी समद्यांचं." हेच वाक्य तो कुठंही लावायचा. बांधावरून भांडत दोघं भाऊ त्याच्याकडे आले तरी तेच. बायकोशी तंडून कुणी आला तरी तेच. माणसं ऐकायचीसुद्धा. मी तेच वाक्य एकदा माझ्या मेकॅनिकला ऐकवलं तर तो म्हणाला, "शेठ, पानी कुठाय हितं?"

एक गोष्ट त्याच्या बाजूनं सांगायला हवी. आमचा भाग कोरडा. उन्हाळ्यात टँकरवर डोळे लावून बसणारी गावं आसपास आहेत. तिथं अंघोळीसाठी हौद तापवणं म्हणजे लोक नावं ठेवणार. पण आत साबण जात नसल्यानं ते पाणी दोन-तीन दिवस चालायचं आणि मग चारीनं त्याच्याच लिंबांना जायचं. टँकर सुरू झाले की हौद बंद. एका उन्हाळ्यात एका पुढाऱ्यानं हौदासाठी टँकर पाठवतो म्हणून निरोप दिला, तरी यानं तापवला नाही.

तो पुढारीही पुढं जपानला निघाला होता, तेव्हा शिकायला आला. बरोबर दोन माणसं, एकाकडे टॉवेल, एकाकडे मोबाईल. पुढारी चड्डीवर पाण्याकडे निघाले. गोरख काठावर बसून चुलाणात लाकूड सारत होता. म्हणाला, "साहेब, ती ऱ्हाऊ द्या भाईर."

"अरे, मला वळखतोस न्हवं तू?"

"वळखतो की. पन अंघुळीला वळख कशाला लागती?"

पुढारी हसले, पण जागचे हलेनात. दोन्ही माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग गोरखनं त्या दोघांना लिंबं तोडायला पाठवलं आणि स्वतः पाठ करून बसला. पुढारी तासभर हौदात होते. जाताना गोरखच्या खांद्यावर हात ठेवून गेले. त्याच पुढाऱ्याला माझ्या शोरूमच्या उद्घाटनाला मी वर्षभर बोलावत होतो. आले नाहीत.

शुक्रवारी हौद बायकांचा. तेव्हा चुलाण शांता बघायची आणि पुरुषानं त्या बांधावर पाऊल टाकायचं नाही. माझी बायको मंगल पहिल्यांदा गेली ती शांतेच्या आग्रहाखातर, पुढं स्वतःहून. परत यायची तेव्हा तिचा चेहरा लाल आणि आवाज मऊ झालेला असायचा. मी म्हणायचो, "घरात सोलर हाय, गिझर हाय, भिंतीला वरपर्यंत फरशी हाय." ती म्हणायची, "हाय की." एवढंच.

आणि नाना. ती बाथरूम मी नानांसाठीच बांधली होती. म्हातारपणी घसरायला नको म्हणून खाली खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांडा. नाना दर शनिवारी काठी टेकत गोरखकडे जायचे. एकदा मी त्यांना आणायला गेलो. नाना गळ्यापर्यंत पाण्यात, डोक्यावर पंचा, डोळे मिटलेले, आणि तोंडभर हसू. घरात मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं. गोरख काठावरून म्हणाला, "बबन, ये की तूबी." मी म्हटलं, "मला कामं हायेत." नाना डोळे न उघडता म्हणाले, "त्याला कामं हायेत." त्यावर आत बसलेले सगळे हसले. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच जास्त राग आला.

गोरखची आणखी एक सवय मला सहन होत नसे. तो भाव करत नसे. आठवडे बाजारात मेथीवालीसमोर उभा राहायचा, "काय भाव, मावशी?" विचारायचा, ती सांगेल ते द्यायचा. मावशी मग आपणहून आणखी एक मूठ त्याच्या पिशवीत टाकायची. मी त्याच मावशीशी घासाघीस करून भाव पाडायचो आणि घरी आल्यावर मंगल जुडी सोडून आतली पिवळी पानं माझ्यासमोर धरायची. "गोरखभावजींची मेथी बघा जाऊन," असंही म्हणायची. मी एकदा गोरखला स्पष्टच सांगितलं, "तुझ्यासारख्या लोकांमुळं बाजार बिघडतो." तो म्हणाला, "आसंल," आणि शेंगा खात राहिला.

आता ओकामोतोकडे येतो.

मुंबईच्या व्यापाऱ्याकडून मी ट्रॅक्टर घ्यायचो, त्यात निम्मे लबाडीचे. वरून रंग, आतून गंज. पण अधूनमधून एखादा असा यायचा की इंजिन हात लावल्यासरशी बोलायचं. असे चांगले निघालेले ट्रॅक्टर मी नीट बघायला लागलो तेव्हा लक्षात आलं, प्रत्येकाच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला एकच शिक्का आहे. हे मी हेरलं. जपानी अक्षरं मला येत नाहीत म्हणून गोरखला बोलावलं, त्यानं ती वाचली. वाचणं म्हणजे शोधणं नव्हे, हे इथं लिहून ठेवतो. तो शिक्का एका यार्डाचा होता आणि यार्डाचा मालक ओकामोतो. त्याच्याकडून थेट माल मिळाला तर मुंबईचा व्यापारी मधून गेला असता आणि नगर जिल्ह्यात माझ्यासमोर कुणी उभा राहू शकला नसता. मला तो माल हवा होता. इतका की मी रात्री झोपेत ते मडगार्ड बघायचो.

गोरखनं फोन लावला. बराच वेळ वाकून वाकून बोलला, फोनवर वाकतात का कुणी, पण हा वाकायचा. मग म्हणाला, "म्हातारा हाय. म्हनतो, हे ट्रॅक्टर माझ्या गावच्या शेतकऱ्यांचे, माझ्या सोबत्यांचे. वय झालं म्हनून त्यांनी सोडले. ज्याला द्यायचे त्याला एकदा बघीन, मग ठरवीन."

"बघू दे की. मी काय वाईट दिसतो?"

"त्यो हापिसात बघनार न्हाई, बबन. पैल्या दिवशी धंद्याचं बोलनारच न्हाई त्यो. अंघुळीला नेईल."

"कुनाला?"

"तुला. गावच्या हमामात. म्हून म्हनतो, आठवडाभर हौदावर ये."

गेलो. संध्याकाळी, बाकीचे नसताना. पहिल्या दिवशी मी चड्डी सोडायला तयार नव्हतो. "पुढाऱ्याला सांगितलंस तसं मला सांगू नगंस," मी म्हटलं. गोरख म्हणाला, "तुला तर सांगतच न्हाई. ट्रॅक्टर पायजेत का न्हाई ते तू बघ." मग म्हटलं, करदोट्याचं काय? आईनं बांधलेला करदोटा मी तोडणार नाही. गोरखनं खरंच विचार केला. "ऱ्हाऊ दे. त्यो काय कापड न्हाई." मग त्याची नजर माझ्या हातावर गेली. लहानपणी जत्रेत मी हातावर माझं नाव गोंदवून घेतलंय. "ह्ये झाकावं लागंल. तिकडं गोंदलेल्या मानसाला बऱ्याच ठिकानी आत घेत न्हाईत, गुंड समजत्यात." मी म्हटलं, "बरोबर समजत्यात." त्यावर तो इतका हसला की चुलाणातलं लाकूड त्याच्या हातातून पडलं.

मी सगळं शिकलो. मन लावून शिकलो, हे गोरखही नाकारणार नाही. पाटावर बसायला शिकलो, शिंतोडा न उडवता डोकं धुवायला शिकलो, पंचा डोक्यावर तोलून पायरी उतरायला शिकलो. चटका बसला तरी तोंडातून आवाज काढायचा नाही, तेही. फक्त गप्प बसायला जमत नव्हतं. पाण्यात बसलो की माझ्या तोंडून भाव, डिझेल, टायर असलं काहीतरी निघायचंच. गोरख म्हणायचा, "बबन, पान्यात फकस्त बसायचं." मी म्हणायचो, "बसून काय करायचं?" यावर त्यानं मला कधी नीट उत्तर दिलं नाही. त्याला एवढं कळत होतं तर द्यायला हवं होतं.

जपानचं ते गाव डोंगरात होतं, भंडारदऱ्याकडं असतात तशा उतारावर घरं. ओकामोतो स्टेशनावर आला होता. बारीक, सत्तरी ओलांडलेला, दोन्ही गुडघ्यांत वाकलेला. माझ्याशी हात मिळवला, गोरखसमोर वाकला. गोरख त्याच्याहून खाली वाकला. म्हातारा आणखी खाली. मी बॅगा धरून उभा. यार्डावरून गाडी गेली तेव्हा मला तारेपलीकडं ट्रॅक्टरांच्या रांगा दिसल्या, पावसात धुतलेल्या, एकसारख्या उभ्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. गाडी थांबली नाही. सरळ हमामापाशी गेली.

निळ्या पडद्यातून पुरुषांनी आत जायचं, चपला बाहेर, कपडे टोपलीत. हातावर गोरखनं चिकटपट्टी लावली होतीच. मी पाटावर बसलो आणि स्वतःला असं धुतलं, की लग्नाच्या हळदीलाही कुणी धुतलं नसेल. पाट धुतला, टमरेल पालथं घातलं. ओकामोतो तिरक्या नजरेनं बघत होता आणि त्याची मान किंचित हलली. मला कळलं, आपण पास. पंचा डोक्यावर ठेवून मी पाण्यात उतरलो. पाणी उकळतं होतं. मी आवाज काढला नाही.

इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

मग ओकामोतोनं डोळे मिटले. गोरखनंही मिटले. आणखी चार-पाच म्हातारे होते, त्यांनी मिटलेलेच होते. खिडकीबाहेर पाऊस. कुणी बोलेना. आता बैलबाजारात नानांच्या बाजूला उभा राहून मी लहानाचा मोठा झालो. तिथं विकणारा डोळे मिटून गप्प झाला याचा अर्थ एकच असतो, तो तुझ्या बोलीची वाट बघतोय. आणि आपल्याकडे बैलाची बोली तोंडानं करत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याचा हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा. चार लोकांत सौदा होतो आणि तिसऱ्याला कळत नाही. मला वाटलं, हा म्हातारा आपल्यातलाच. भाषेची अडचण नाही, गोरखची गरज नाही.

मी हळूच त्याच्या शेजारी सरकलो. डोक्यावरचा पंचा काढला, पाण्यावर पसरला आणि त्याच्याखालून ओकामोतोचा हात धरून दोन बोटं दाबली.

म्हाताऱ्यानं डोळे उघडले. पंच्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. हात ओढून घेतला नाही, पण त्याचं सगळं अंग ताठ झालं, बैलाचं पहिल्यांदा दावणीला बांधल्यावर होतं तसं. बाकीच्या म्हाताऱ्यांचेही डोळे उघडले. एकजण पाण्यातून उठून निघून गेला. मी हसलो. हसायला नको होतं.

गोरखनं काय केलं तर आधी तो भिजलेला पंचा उचलला, हौदाच्या काठाबाहेर धरून पिळला. मग प्रत्येकाकडे वळून मान वाकवत माफी मागितली. हनुवटी पाण्याला लागेपर्यंत वाकवत. मग ओकामोतोजवळ जाऊन अगदी हलक्या आवाजात बोलायला लागला. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण एकदा त्यानं बैलाची शिंगं दाखवली, एकदा उपरणं. म्हातारा ऐकत राहिला. मग त्याचा खालचा ओठ थरथरला आणि तो एकदम हसायला लागला. हमामात मोठ्यानं हसायचं नसतं म्हणून त्यानं तोंडावर पंचा दाबला, तरी हसू बाहेर येतच होतं. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं, जमलं. मीही पुढं सरकलो. पण तो माझ्याकडे बघत नव्हता.

अंग पुसून बाहेर आलो. तिथं बाकावर बसून गार दूध प्यायची पद्धत आहे. ओकामोतोनं आम्हाला बाटल्या आणून दिल्या आणि गोरखच्या शेजारी बसून कोरडा पंचा दोघांच्या हातांवर टाकला. त्याला ते शिकायचं होतं. गोरख बोटं दाबायचा, म्हातारा आकडा ओळखायचा, चुकला की दोघं खिदळायचे. गोरखनं जन्मात कधी बैल विकलेला नाही. चार बोटं एकदम धरायची तिथं तो एकेक दाबत होता.

"गोरख्या, तसं न्हाई ते. मूठ धर मूठ," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे रं, त्याला मजा येती हाय."

माझ्या बापाचा धंदा. माझी रीत. आणि ती दुसराच शिकवतोय, तीही चुकीची, आणि म्हातारा त्याच्या पाठीवर थाप मारतोय. मी दूध संपवलं. दूध चांगलं होतं.

दुसऱ्या दिवशी यार्डात ओकामोतोनं सगळे ट्रॅक्टर दाखवले. प्रत्येकापाशी थांबून कुणाचा होता ते सांगायचा, त्या शेतकऱ्याचं नाव घ्यायचा. गोरख प्रत्येक नाव परत म्हणायचा. मी इंजिनाखाली जाऊन गळती बघत होतो. शेवटी म्हातारा बराच वेळ बोलला.

"काय म्हनतो?"

"माल देतो म्हनतो."

"मंग?"

"बोलनं माझ्याशी करनार. करार माझ्या नावानं. तू तिकडं विक, तुझंच दुकान, पन बोलनं मी."

"का?"

"म्हनतो, ज्याला पान्यात गप बसता येतं त्याच्याशी काम सोपं असतं."

आता हे ओकामोतो खरंच म्हणाला, की गोरखनं आपलं त्यात घातलं, हे मला आजही माहीत नाही. जपानी मला येत नाही. आमच्या भागात ज्यांना येतं ते सगळे गोरखकडेच शिकलेले. विचारायचं कुणाला? तिथंच मी त्याच्यावर ओरडलो. धंदा माझा, शोध माझा, तिकीट माझं. गोरखनं मला थांबवलं नाही. माझं झाल्यावर म्हणाला, "तुला माल पायजे हुता. मिळाला. आता अजून काय पायजे ते सांग, त्याला इचारतो." मला जे पाहिजे होतं, ते ट्रॅक्टरात मोजण्यासारखं नव्हतं.

माल यायला लागला. उत्तम माल, खोटं कशाला बोलू. मुंबईचा व्यापारी मधून गेला, दुकान वाढलं. पण मिरजगावच्या हायवेवर माझ्या नावाच्या पाटीखाली शेतकरी उतरला की पहिला प्रश्न, "गोरखभाऊ हायेत का?" गोरख खुर्चीत शेंगा खात बसलेला. एकच आकडा सांगायचा. लोक त्याच्याशी घासाघीस करत नसत. "तुमी म्हनताय तर बरोबरच आसंल." तोच माणूस नंतर माझ्याकडे एका नटबोल्टासाठी अर्धा तास भांडायचा. एकदा कर्जतचा एक बागायतदार मला म्हणाला, "शेठ, तुमी नका बोलू मधी. गोरखभाऊंनी सांगितलंय." माझ्या दुकानात. मी त्या दिवशी घरी जेवलो नाही. मंगल म्हणाली, "आवं, धंदा झाला न्हवं?" हिला कोण समजावणार.

नाना गेले त्या वर्षीही शेवटचे काही शनिवार गोरखच्याच हौदावर होते. त्याबद्दल मी इथं लिहिणार नाही.

मग ओकामोतो यार्डात पडला, कंबरेला मार बसला. मूलबाळ नव्हतं. यार्ड सांभाळायला ये म्हणून त्यानं गोरखला फोन केला. कागदपत्रं व्हायला वेळ लागला, पण गोरखचा बेत पहिल्याच फोनला ठरला होता हे मी त्याच्या तोंडावरून ओळखलं.

"तू चाल्लास म्हंजी?" मी म्हटलं. "आन माझं काय?"

"तुझं काय? हितनं बोलत हुतो, आता तिथनं बोलीन. माल थांबनार न्हाई."

"म्हंजी मी तुझं गिऱ्हाईक?"

"व्हय," तो म्हणाला. मग माझा चेहरा बघून, "पैलं गिऱ्हाईक."

मी त्याला त्या दिवशी काय काय बोललो ते गल्लीनं ऐकलंय. शांता दारात येऊन उभी राहिली. गोरख खाली बसून बुटाच्या नाड्या बांधत होता. मी दमल्यावर म्हणाला, "हौदाच्या चुलानाची जाळी बदलायला झालीय. तुझ्याकडं भंगारात एखादी आसंल तर बघ." मी दुसऱ्या दिवशी पाठवून दिली. का पाठवली, मला माहीत नाही. चांगली जाळी होती, विकली गेली असती.

गोरख शांतेला घेऊन गेला. आता हौद बाकीचे चालवतात. शुक्रवारी मंगल चुलाण बघते.

गोरखला मी शेवटचं बघितलं ते परवा, फोनवर. नवा माल भरायचा होता म्हणून मीच व्हिडिओ कॉल लावला. तिकडं यार्डात बर्फ पडलेलं. गोरख ट्रॅक्टरांच्या रांगेतून चालत एकेक दाखवत होता, कान टोपीत झाकलेले, नाक लाल. म्हातारा झालाय. मी पण झालोच असेन. त्यानं आकडा सांगितला.

"गोरख, जरा बघ की," मी म्हटलं.

"बघितलंय, बबन. बघूनच सांगितला."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तरं तयार होती, सकाळपासून घोकलेली. डिझेल महागलं, गिऱ्हाईक नाही, दुसरं यार्ड स्वस्त देतं. आणि मी म्हटलं, "बरं."

"बरं?" त्यालाही खरं वाटलं नाही.

"बरं म्हनलं न्हवं. भर माल."

तेवढ्यात मागून आवाज आला. "चला, चला." ओकामोतो होता. काठी टेकत, गळ्यात पंचा. मराठीत म्हणत होता. "आलो, आलो," गोरख मराठीतच ओरडला आणि मला म्हणाला, "अंघुळीची येळ झाली. ठेवतो." आणि फोन त्यानं एका ट्रॅक्टरच्या बॉनेटवर टेकवून ठेवला, हातमोजे घालायला. हातमोजे घातले, म्हाताऱ्याकडे गेला, आणि फोन तसाच राहिला. बंद करायला विसरला.

दोघं पाठमोरे चालले होते. बर्फावरून म्हाताऱ्याचा पाय घसरू नये म्हणून गोरखनं त्याचा दंड धरला होता. म्हातारा काहीतरी सांगत होता, गोरख मान हलवत होता. शेडच्या कोपऱ्यापाशी ते थांबले, म्हाताऱ्यानं दम घेतला, आणि मग दोघंही कोपऱ्यामागे गेले. पडद्यावर ट्रॅक्टर राहिले, त्यांच्या सीटांवर बर्फ. मला तो कॉल तोडता आला असता.

मंगल चहा घेऊन आली. "कोन हाय फोनवर?"

"कुनी न्हाई," मी म्हटलं. "ट्रॅक्टर बघतोय."